आत विचारा

माझं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे आणि मी तोंडाची फटकळ आहे, या दोन्ही गोष्टी आमच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की माझ्या भाच्याला किडनी हवी होती. तेव्हा मी पेंटरला बोलावलं आणि दुकानाच्या शटरवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं: ‘तरुण फौजीला किडनी हवी. रक्तगट ओ. आत विचारा.’

भाचा फौजेत वायरलेसवर होता. ऐन उमेदीत दोन्ही किडन्यांनी हात टेकले आणि त्याला घरी पाठवलं. आता दिवसाआड डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं आणि पाणीसुद्धा औषधासारखं मोजून प्यायचं. वहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, साखर; मला रक्तदाब. डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही नापास केलं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

शटर बघून भाचा लालबुंद झाला.

“आत्या, खोली भाड्याने द्यायचीय असं वाटतंय गं!”

“तू मागणार नाहीस. फौजी ना तू! म्हणून मी मागते.”

“लाज वाटते मला.”

“वाटू दे. बरा झालास की सावकाश लाज.”

उजाडता दुकान उघडायचं, अंधारलं की बंद करायचं, मधे जेवायलासुद्धा शटर ओढायचं नाही, हा माझा नेम. दिवसभर मी कान टवकारून बसायची. लोक आले, हवा भरून गेले, ब्रेक आवळून गेले. किडनीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जगाला काळीजच नाही, असं मी येईल त्याला सुनवायला लागले. गिऱ्हाइकं बिचारी पंपाकडे बघत उभी राहायची.

एके दुपारी वहिनीचा फोन आला. डायलिसिस चालू असताना भाच्याची शुद्धच हरपली होती. आता सावरला होता, पण हे फार दिवस रेटता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मला रडू फुटलं. गिऱ्हाइकांसमोर रडणारी मी नव्हे. मी आतून शटर खाली ओढलं आणि जुन्या टायरांच्या ढिगावर बसून हमसाहमशी रडले.

तेवढ्यात शटर धडधडलं.

“दुकान बंद आहे!” मी खेकसले.

“असू दे हो. इथे ‘आत विचारा’ लिहिलंय, म्हणून विचारतेय.”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शटर वर असताना मजकूर गुंडाळलेला. शटर खाली असताना आत कुणी नाही! एवढे दिवस मी जगाच्या नावाने खडे फोडत होते.

शटर वर केलं. बाहेर कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई, हात कोपरापर्यंत पिठाचे.

“रोज पहाटे कामावर जाताना वाजवते,” ती म्हणाली. “म्हटलं, काय गाढ झोपते ही बाई! परत जाताना बेकरीची गाडी मला मागच्या रस्त्याने घरी सोडते. आज ती बिघडली, म्हणून चालत निघाले. माझा रक्तगट ओ आहे. काय करावं लागतं?”

मी तिला आत घेऊन माझं स्टूल पुढे केलं. असं होत नाही सहसा.

“पण तुम्ही का?”

“माझा भाऊ याच दुखण्यात गेला. मागायचं कुणाकडे, हेच आम्हाला कळलं नाही. तुम्ही निदान ठळक मागितलंत.”

मी तिला मिठी मारली. तिचं पीठ मला आणि माझं ग्रीस तिला.

मग तपासण्यांवर तपासण्या. रुग्णालयाच्या समितीने तिला एकटीला बसवून विचारलं, पैसे घेतलेत का? “त्या बाईकडून?” ती म्हणाली. “ती हवासुद्धा फुकट भरत नाही!” आणि एक दिवस फोन आला. जुळतंय! हातातला पाना टाकून मी रस्त्यात धावले. “जुळलं हो, जुळलं!” एक सायकलवाला दचकून खांबावर आदळला. त्याचं चाक मी फुकट सरळ करून दिलं.

ऑपरेशनच्या सकाळी भाचा तिच्या खाटेपाशी ताठ उभा राहिला. वायरलेसवर अखंड बडबडणारा पोरगा, पण त्याने नुसता कडक सलाम ठोकला.

“हात खाली घे रे,” ती म्हणाली. “बरा झालास की पोटभर पाणी पी, म्हणजे झालं.”

वहिनी आणि मी बाहेर एकमेकींचे हात धरून बसलो. डॉक्टर हसतच आले. “दोघंही छान आहेत. आणि किडनी लगेच कामाला लागली. टेबलावरच लघवी झाली!” लघवीचं नाव ऐकून कुणी इतकं नाचलं नसेल.

दोन दिवसांनी मी पेंटरकडून ‘हवी’ खोडून ‘मिळाली’ लिहून घेतलं आणि आत बसून शटर ओढलं. शटर दिवसभर वाजत राहिलं. “टेबलावरच लघवी झाली म्हणे?” मी आतून ओरडत होते, “हो, झाली! भरपूर झाली!”

मग भाच्याचा फोन आला. आधी नुसते घोटच ऐकू आले.

“पाणी पितोय, आत्या,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, हवं तेवढं पी.”

मला पुन्हा रडू फुटलं. या वेळी मी उठले आणि शटर वर केलं.