पाडव्याच्या आधी

त्या हिवाळ्यात पहिलं रक्त सांडलं ते अतुलच्या नाकातून, आणि तेही त्याच्या स्वतःच्या कप्तानाच्या हातून. जगन्नाथ मोरेने पास दिलाच नव्हता, चेंडू फेकून मारला होता. अतुल कुणाच्या तरी विनोदावर हसत उभा होता. चेंडू तोंडावर बसला, कटकन आवाज झाला आणि शाळेच्या जिमच्या पिवळ्या फरशीवर लाल थेंब टपटपायला लागले.

"पूस ते आणि उभा राहा," जगन्नाथ म्हणाला. "इस्लामपूरला कबड्डीत आम्ही पडलेला दात थुंकून पुढची चढाई करायचो."

"जगूदादा, हे इस्लामपूर नाही," शंतनू म्हणाला. त्याने स्वतःचा टी-शर्ट काढून अतुलच्या नाकाला लावला. जगन्नाथने ते पाहिलं आणि त्याला राग आला. रक्ताचा नव्हे, त्या टी-शर्टचा.

अमेरिकेत, मिशिगनमधलं तेव्हाचं नोव्हाय आताइतकं गजबजलेलं नव्हतं. मोटारींच्या कंपन्यांत कामाला आलेली मराठी घरं एकमेकांना मीठ-साखरेसकट ओळखत. बर्फात कबड्डी खेळता येत नाही म्हणून मंडळाने रविवारी जिम भाड्याने घेऊन बास्केटबॉल सुरू केला. दिवाळीनंतर कप्तान चिवडा खात बसायचे आणि खेळाडू वाटून घ्यायचे. गुढीपाडव्याला सगळे मोकळे, मग ज्याला जिथे जायचं तिथे जा. मध्येच संघ बदलायचा असेल तर दोन्ही कप्तानांनी खेळाडूंची अदलाबदल करायची, असाही नियम होता. पण तो आजवर कुणी वापरला नव्हता.

खरा खेळ येत होता तो एकट्या शंतनूला. नागपूरला विद्यापीठाकडून खेळलेला पोरगा. जगन्नाथनेच त्याला विमानतळावरून आणलं, पहिला हिवाळाभर तळघरात ठेवून घेतलं, बर्फावर गाडी चालवायला शिकवलं. जगन्नाथची बायको सुमेधा त्याच्यासाठी डब्यात जास्तीची पोळी ठेवायची. जगन्नाथला पाठचा भाऊ नव्हता. शंतनू आपला आहे, हे त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी टीव्हीवरही मारामारीच चालली होती. नोव्हेंबरात जवळच्याच ऑबर्न हिल्सला बास्केटबॉलच्या सामन्यात खेळाडू प्रेक्षकांत घुसून ठोसे मारत सुटले होते आणि ती चित्रं पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्यातच एक मोठा खेळाडू आपल्या मालकांना सांगत होता, मला दुसऱ्या संघाला देऊन टाका, इथे खेळायचं नाही.

"कृतघ्न!" जगन्नाथ रिमोट आपटून म्हणाला. "करार अर्धा राहिलाय आणि हा तोंड वर करून मागतोय."

"आणि तो दुसरा, उन्हाळ्यात टीम सोडून गेला तो?" सुमेधाने विचारलं. "त्याचा तर करार संपला होता."

"तो साप! वर्षभर गोड हसला, तारीख उजाडली आणि गेला."

"म्हणजे सांगून गेला तरी वाईट, न सांगता गेला तरी वाईट. मग जायचं कसं माणसाने?"

"जायचंच कशाला?"

संक्रांतीनंतरच्या शनिवारी शंतनू घरी आला. बूट काढले, सुमेधाने दिलेला तिळगूळ घेतला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "दादा, मला कॅन्टनच्या राजेशच्या टीममध्ये जाऊ द्या. माझ्या बदल्यात तो दोन प्लेअर द्यायला तयार आहे."

जगन्नाथला आधी वाटलं, पोरगा चेष्टा करतोय.

"कशाला?"

"तुमच्या हाताखाली खेळायची भीती वाटते. अतुलचं नाक फुटलं. मागच्या रविवारी तुम्ही माझ्या बरगडीत कोपर घातलं, प्रॅक्टिसमध्ये. अजून खोकताना दुखतं."

"पाडव्यापर्यंत दम निघत नाही तुला?"

"निघाला असता. गप्प बसून तुमच्याकडे जेवत राहिलो असतो आणि पाडव्याला निघून गेलो असतो. तसं करवेना, म्हणून तोंडावर सांगतोय."

जगन्नाथने त्याची कॉलर धरली आणि त्याला फ्रिजवर आदळलं. वरची बरणी खाली येऊन फुटली आणि लोणच्याचं तेल दोघांच्या पायांखाली पसरलं. सुमेधा मध्ये पडली, तेव्हा तिच्या तळव्यात काच घुसली. तिच्या हातातलं रक्त बघून जगन्नाथने कॉलर सोडली.

"जा," तो म्हणाला. "घेऊन जा म्हणावं त्याला. आणि परत या दारात दिसू नकोस."

दुसऱ्याच रविवारी अदलाबदल झाली. राजेशने दिलेल्या दोघांपैकी एकाने आठवड्यात तिकडे टेक्सासला नोकरी धरली आणि तो गेला. दुसरा पुरुषोत्तम. कराडचा, दाराएवढा रुंद, मऊ स्वभावाचा. त्याला चेंडू झेलता येत नव्हता. पण कबड्डीत तो जगन्नाथसारखाच मुरलेला होता. लोक हसले. "मोरेसाहेबांनी घोडा देऊन म्हैस घेतली," असं राजेश पार्किंगमध्ये म्हणाला, तेही जगन्नाथच्या कानावर आलं.

मार्चमध्ये दोन्ही संघ समोरासमोर आले. पहिल्या मिनिटापासून तो खेळ नव्हताच. जगन्नाथने शंतनूला पाठीत ढोपर घातलं, खांद्याने भिंतीवर ढकललं. शंतनूचा ओठ फाटला. तो रक्त गिळत होता आणि बास्केटमागून बास्केट करत होता.

"घरचं माणूस आहे, जरा हळू!" राजेश बाजूने ओरडला. "तिळगूळ दिला नाही वाटतं, मोरे?"

शेवटाला शंतनू चेंडू घेऊन एकटाच सुटला. अंगावरून वारा जावा तसा तो जगन्नाथच्या बाजूने निघाला. त्या क्षणी जगन्नाथला जिम दिसेनाशी झाली. उरली फक्त माती, चुन्याची रेषा आणि ती ओलांडून निघालेला एक पाय. त्याने जमिनीवर झेप घेतली आणि दोन्ही हातांनी शंतनूचा घोटा धरला.

"पकडला!" तो ओरडला. "या रे! पडा अंगावर!"

कबड्डीत ही हाक आली की विचार करायचा नसतो. पुरुषोत्तमनेही केला नाही. इतका वेळ चेंडूमागे बावळटासारखा पळणारा तो माणूस एकदम जिवंत झाला, धावत आला आणि सगळं वजन टाकून शंतनूच्या अडकलेल्या पायावर पडला.

ओला ऊस मोडावा तसा आवाज झाला. मग शंतनू किंचाळला. नडगीच्या खाली, जिथे पाय वाकू नये तिथे तो वाकला होता आणि कातडीतून पांढरं टोक बाहेर आलं होतं. पुरुषोत्तम उठून बसला, त्याने ते पाहिलं आणि तिथेच ओकला. शिट्टी वाजतच होती. राजेशने जगन्नाथच्या कानशिलात ठोसा मारला, दुसरा मारला. तरी घोटा सुटेना. शेवटी अतुलने एकेक बोट उलटं वळवून पकड सोडवली. त्यात जगन्नाथचं करंगळीचं हाड निखळलं. ते त्याला कळलंसुद्धा नाही.

जिमच्या वॉचमनने पोलिसांना बोलावलं. हॉस्पिटलमध्ये एक तरुण पोलीस शंतनूच्या खाटेपाशी उभा राहिला. जगन्नाथ पडद्याजवळ होता. सुमेधा त्याच्या मागे. जगन्नाथच्या ग्रीन कार्डाचा अर्ज चार वर्षं अडकून पडला होता. मारहाणीची तक्रार झाली तर घर, नोकरी सगळं आवरून परतावं लागलं असतं. हे तिघांनाही माहीत होतं.

"डिड ही डू धिस ऑन पर्पज?" पोलिसाने विचारलं.

शंतनूने जगन्नाथकडे पाहिलं. घामाने त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"इट वॉज द गेम," तो म्हणाला.

पोलीस निघून गेला. जगन्नाथ खाटेजवळ गेला, सुजलेला हात पुढे करून म्हणाला, "शंत्या, मला माहीत होतं. तू बरा हो. पाडव्यापासून पुन्हा आपल्याच टीममध्ये. तळघर रिकामंच आहे, पाय बरा होईतो तिथेच राहा. सुमेधा करेल तुझं."

"तेव्हा विचारून जात होतो, दादा," शंतनू म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आता विचारत नाही. बाहेर जा."

"अरे, पण..."

"बाहेर जा म्हटलं ना!"

नर्स आली आणि कोण थांबणार असं तिने विचारलं. शंतनूने सुमेधाकडे बोट केलं. ती नवऱ्याकडे न बघता त्याच्या बाजूने आत गेली. पडदा ओढला गेला. थोड्या वेळाने डॉक्टरांनी हाड जागेवर आणायला पाय खेचला, तेव्हा शंतनूची किंकाळी सगळ्या मजल्यावर घुमली. जगन्नाथ दोन पावलं धावला. पण पडद्यापाशी उभ्या हॉस्पिटलच्या माणसाने छातीला हात लावून त्याला अडवलं.

"आर यू फॅमिली, सर?"

आतून सुमेधाचा आवाज आला, "नो."