बावीस वर्षांचा पाऊस

राज्य सरकारची विज्ञानाची बस आमच्या गावात येणार असं पत्र आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि स्वतः रजेवर गेले. ब्राझीलच्या सेआरा राज्यातल्या या कोरड्या मुलखात सरकारचं काहीही येऊ दे, आम्हाला आधी संशयच येतो. पण या वेळी गोष्ट खरी निघाली. राज्यभरातल्या शाळांतून मुलांचे प्रयोग निवडायचे, निवडलेल्यांना राजधानीत, फोर्तालेझाला न्यायचं आणि शिष्यवृत्ती देऊन वर्षभर विद्यापीठातल्या लोकांबरोबर काम करू द्यायचं. वीस वर्षं मी इथे विज्ञान शिकवते आहे. आमच्या शाळेतली मुलगी राजधानीत गेलीच, तर ती कुणाच्या घरची धुणीभांडी करायला. झुसाराचं तसं होऊ नये, असं मला फार वाटत होतं.

झुसारा सोळा वर्षांची, आणि तिचे आजोबा आब्दियासकाका म्हणजे आमचे पाऊस सांगणारे. डिसेंबरात संत लुसियाच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी ते कौलावर मिठाचे सहा खडे मांडतात, जानेवारी ते जून, महिन्याला एक. रात्रभर दव पडतं. सकाळी जो खडा विरघळला, तो महिना पावसाचा. मग जानेवारीत ते रेडिओवर सांगतात आणि गाव त्यांच्या शब्दावर मका पेरतं. गंमत अशी, की सरकारचं पर्जन्यमापकही त्यांच्याच अंगणात आहे. रोज सकाळी सातला नळी बघायची, आकडा वहीत लिहायचा आणि वर कळवायचा, हे काम ते बावीस वर्षं फुकट करत आलेत.

झुसाराला सुचलं ते एवढंच, की मिठाचं भाकीत आणि नळीतला पाऊस शेजारी शेजारी मांडून बघावा. भाकितं रेडिओवाल्यांच्या जुन्या नोंदींत मिळाली, पाऊस आजोबांच्या वह्यांत. महिनाभर ती मान मोडून बसली. शेवटी आली ती पडलेल्या चेहऱ्याने. बावीस वर्षांपैकी नऊच बरोबर निघाली होती. मी म्हटलं, नऊ तर नऊ, विज्ञानाला त्याचं काही वाटत नाही. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

बस आली त्या सकाळी शाळेच्या पटांगणात तक्ते टांगताना माझी नजर तिच्या आकड्यावर गेली. बावीसपैकी सोळा. सात वर्षांचा पाऊस तिने बदलला होता, दर वेळी मार्चचाच. मी ते बघितलं आणि टाचण्या लावत राहिले. हे मी कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा होता.

परीक्षक विद्यापीठातला तरुण होता, वाल्देनीर नावाचा, बोलायला गोड. सोळा बघून तो हरखला. गावातल्या माणसाच्या ज्ञानाकडे कुणी लक्षच देत नाही, असं काहीबाही म्हणत त्याने कागदावर निवडीची मोठी खूण केली. आमच्या रांगेत तशी खूण दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती. तेवढ्यात आब्दियासकाका आले. रविवारचा इस्त्रीचा सदरा, पायात बूट. त्यांनी चष्मा लावला आणि तक्त्यावरून बोट फिरवायला लागले. झुसारा मागे सरकली.

बोट थांबलं. "हा दोन हजार बाराचा मार्च ना? हा कोरडा गेला होता. माझी गाय त्याच महिन्यात गेली."

वाल्देनीर हसला. म्हणाला, वही बघितली की कळेल. जुन्या वह्या त्यांच्या काखेतच होत्या. दोघांनी मिळून पाच पानं उलटली, मग हसू थांबलं. त्याने झुसाराला विचारलं, आकडे बदललेत का? तिच्या आधी मीच बोलले, की मला सकाळीच दिसलं होतं. आकडे बदलले की प्रयोग बाद, हा नियम त्याला ठाऊक होता आणि मलाही. त्याने ती मोठी खूण खोडली आणि बराच वेळ आमच्याकडे बघितलं नाही.

"म्हणजे पोरगी आता जाणार नाही?" काकांनी विचारलं.

"या वर्षी नाही, काका," मी म्हटलं.

ते जवळच्या बाकावर बसले. आकडे बदलले ते आपल्यासाठीच, हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं. झुसारा रडत म्हणाली, "आजोबा, लोक तुम्हाला हसले असते."

"हसू देत की. मका वाळला की दरवर्षी हसतातच. मीठ बोलतं ते संत लुसियाचं. बरोबर आलं तरी तिचं, चुकलं तरी तिचं. पण नळी मी वाचतो. तो आकडा माझा आहे, पोरी. त्यात तू हात का घातलास?"

इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज असा दुखावलेला ऐकला नव्हता. आपल्या भाकिताविरुद्धचा पुरावा हा माणूस स्वतःच्या हाताने रोज लिहीत आला होता, एकही दिवस न चुकवता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आम्ही दोघी त्याची अब्रू भलतीकडेच शोधत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

वाल्देनीर पुढच्या रांगेत गेला. झुसाराने नाक पुसलं, लाल पेन घेतलं आणि सातही मार्च खोडून खरे आकडे लिहिले. सोळावर काट मारून नऊ केले. बेकरीवाली क्लेमिल्दाबाई तक्ता बघायला आली आणि विचारू लागली, हे काय मांडलंय गं?

"माझ्या आजोबांनी बावीस वर्षं पाऊस सांगितला आणि मोजलाही," झुसारा म्हणाली. आवाज अजून ओला होता. "नऊ वेळा बरोबर आला."

"आणि तेरा वेळा चुकला," काका बाकावरून म्हणाले. "ते पण सांग."