सात वाजता ठरलेलं

आमच्या विभागाचे निर्णय सोमवारी अकराच्या बैठकीत होतात, असं मी तब्बल नऊ वर्षं समजत होते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढंही कळू नये, याची मला अजून लाज वाटते.

माझं संशोधन वाळूवर. वाळूचा ढीग किती चढतो, कधी घसरतो, घसरण्याआधी काही चाहूल देतो का, हे मी बघते. नवरा पाहुण्यांना सांगतो, "ही वाळू रगडते आहे, तेल निघालं की कळवू." त्याच्या चेष्टेची मला सवय झाली आहे. लिफ्टची मात्र झाली नाही. माझी प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून. लिफ्ट हलली की जमीन इतकी बारीक थरथरते की माणसाला पत्ता लागत नाही, पण ढिगाला लागतो. तासन्‌तास कण कण ओतून उभा केलेला ढीग, कोणी चहाला खाली निघालं की कोसळतो.

तळमजल्यावरची चार नंबरची खोली रिकामी झाली तेव्हा मी अर्ज केला. अकरा दिवस लिफ्टच्या प्रत्येक फेरीची वेळ टिपली, शेजारी ढीग कोसळल्याची वेळ, आणि दोन्हींचा आलेख काढला. बैठकीत मांडला. टेबलाभोवती आम्ही आठ जण, सात पुरुष आणि मी. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी एक शंकाही काढली नाही, तेव्हा मी वेडी मनातून खूश झाले. विभागप्रमुख म्हणाले, "फारच छान मांडलंत, मॅडम." आणि पुढच्या मिनिटाला खोली लेसरवर काम करणाऱ्या सरांना गेली.

बैठक उठली. मी कागद गोळा करत मागे राहिले होते. काहीतरी टिपायला टेबलाच्या टोकाला असलेल्या डब्यातून पेन्सिल काढली. प्रमुखांचा तो डबा म्हणजे बॅडमिंटनच्या शटलचं रिकामं नळकांडं. महिन्या-दीड महिन्याने ते बदलायचं, आणि मला वाटायचं, काय काटकसरी माणूस आहे! त्या दिवशी ते पहिल्यांदा हातात घेऊन फिरवलं. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "सोमवार. तळमजला चार, लेसर. परीक्षा बारा तारखेपासून. पंखे दुरुस्ती." त्याखाली आधीचा सोमवार, त्याखाली त्याच्या आधीचा. आमच्या बैठकीत जे जे ठरलं होतं ते सगळं तिथे होतं, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ होती. सात वाजून दहा. सात वाजून वीस.

प्रमुख आणि पाच सहकारी रोज सकाळी सहा ते सात बॅडमिंटन खेळतात, हे मला माहीत होतं. म्हणून तर प्रमुखांना सगळे कॅप्टन म्हणतात. खेळून झालं की मंडळी बाकावर घाम पुसत बसतात आणि विभाग तिथून चालतो, हे माहीत नव्हतं. अकराची बैठक म्हणजे निव्वळ वरातीमागून घोडं, आणि त्या घोड्यासाठी मी अकरा दिवस आलेख काढत बसले होते.

मी तडक कॅप्टनकडे गेले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, कचकचून भांडता आलं असतं. ते खरोखरच गोंधळले.

"अहो मॅडम, तिथे कुठे काय ठरतं? दमून बसतो, गप्पा होतात. विसरू नये म्हणून सोमवारी तो डबा बरोबर नेतो आणि त्यावर टिपून ठेवतो, इतकंच."

"मग मला कधी बोलावलं नाहीत ते?"

"आम्ही कुणालाच बोलावत नाही. जो येतो तो येतो. तुम्हीही या की! दार उघडंच असतं."

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी रॅकेट विकत घेतली.

माझी नणंद शाळेत खेळ शिकवते. तिने मला चार महिने पिळून काढलं. "वहिनी, रॅकेट आहे ती, झाडू नव्हे. आणि प्रत्येक फटका चुकला की सॉरी कुणाला म्हणतेस? शटलला?" गुडघे बोलायला लागले. सकाळचे डबे आणि मुलांची शाळा नवऱ्याने अंगावर घेतली, तीही फारशी कुरकुर न करता. उघड्या दारातून आत जायला घरी असा कोणी असावा लागतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

कोर्टवर पहिले काही दिवस मला हळुवार, फुलासारखी सर्व्हिस मिळायची. मग नणंदेने शिकवलेला एक फटका मला साधला, नेटच्या काठावरून शटल अलगद पलीकडे टाकायचा. कॅप्टन गुडघा धरून धावत यायचे आणि शटल त्यांच्या डोळ्यांदेखत पडायचं. तीनदा असं झाल्यावर हळुवार सर्व्हिस बंद झाली. बाकावर जागाही मिळाली. लेसरवाले सर माझे जोडीदार झाले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. नऊ वर्षं ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्या घरी कोण आजारी आहे, कोण कशावर चिडतं, कोणाला कशाचं हसू येतं, हे मला बाकावर बसल्यावर कळलं. आणि ठरवणं किती सोपं असतं तेही कळलं. एकाने "हे असं करू या का?" म्हणायचं, दुसऱ्याने पाणी पिता पिता मान हलवायची. झालं.

चुंबकावर काम करणारे सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे बत्तीस वर्षांची, पदरी दहा महिन्यांचं बाळ. आम्ही तिला नवी म्हणायचो. ती द्रवात स्फटिक वाढवायची. तिला स्वतंत्र खोलीच नव्हती, विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत कपाटाआड एक टेबल दिलं होतं. चुंबकवाल्या सरांची तळमजला सहा नंबरची खोली अजून कुणालाच दिली नव्हती. तिने त्या खोलीसाठी अर्ज केला. मी तर करणारच होते.

एकदा मी तिला मोठ्या मायेने म्हटलं, "अगं, सकाळी कोर्टवर येत जा. सगळ्यांशी ओळख होते. दार उघडंच असतं."

"किती वाजता, मॅडम?"

"सहाला."

"पाळणाघर आठला उघडतं," ती म्हणाली. "आणि बाळाचे बाबा दुसऱ्या गावी असतात."

मी मान हलवली. मनात मात्र म्हटलं, निमित्तं काढायची झाली तर काय, माझेही गुडघे दुखतातच की. हे मी म्हटलं. मीच.

त्या सोमवारी बाकावर कॅप्टन म्हणाले, "सहा नंबरचं मिटवून टाकू. मॅडम किती वर्षं वर कुढतायत. वाळूला देऊ या?" पाच माना हलल्या. कॅप्टननी नळकांड्यावर लिहिलं: "सात वीस. तळमजला सहा, वाळू." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. माझी एक विद्यार्थिनी चार वर्षं त्या ढिगांमागे होती, आणि पुरेशी मोजमापं जमत नव्हती म्हणून तिचा प्रबंध अडला होता. आता तो पुरा होणार होता. घरी जाताना मी नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

अकराला नवी उभी राहिली. तिच्याकडे आलेख होते. शेजारच्या यंत्राचा पंप चालू झाला की स्फटिकाला तडा कसा जातो, ते तिने तारीखवार मांडलं होतं. पहिल्या पानावरचा कोपरा दुमडलेला होता आणि त्यावर दुधाचा डाग होता. ती न अडखळता बोलत होती. सगळे माना डोलावत होते. कुणीही एक शंका काढली नाही, आणि मी बघितलं, तिच्या चेहऱ्यावर आशा उमटली. ती आशा मला ओळखीची होती.

"फारच छान मांडलंत," कॅप्टन म्हणाले.

नळकांडं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. गप्प बसले असते तर खोली माझी होती. एक मिनिट गप्प बसायचं होतं फक्त, आणि गप्प बसायची तर मला वर्षानुवर्षांची सवय. खरं सांगते, बसणारच होते. पण ती खाली बसताना माझ्याकडे बघून हसली. खोलीत दुसरी बाई मीच होते म्हणून हसली असावी. मी नळकांड्यातल्या पेन्सिली टेबलावर ओतल्या आणि मोठ्याने वाचलं.

"सोमवार. सात वीस. तळमजला सहा, वाळू."

एक पेन्सिल घरंगळत खाली पडली.

"हे हिने तोंड उघडायच्या साडेतीन तास आधी ठरलंय," मी म्हटलं. "मी तिथे होते. मी हो म्हटलं. मागच्या वेळी असंच माझ्याबाबतीत झालं होतं, तेव्हा मी संतापले होते. आज सकाळी मला आनंद झाला. हे काही बरोबर नाही. आता इथे पुन्हा ठरवा."

कॅप्टनचा चेहरा पडला. लेसरवाले सर कुजबुजले, "मॅडम, आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय." मला वाटलं, निदान नवी तरी माझ्याकडे कृतज्ञतेने बघेल. तिने बघितलं, पण तसं नाही.

"आणि तुम्ही वाचून दाखवलं नसतं तर?" ती म्हणाली. "दार उघडं असतं म्हणाला होतात ना मला?"

मी सांडलेल्या पेन्सिली गोळा करायला लागले.

मग तीच म्हणाली, "मला आधी यांची प्रयोगशाळा बघायची आहे. न बघता मी त्यांच्याविरुद्ध कशी बोलू?"

आठही जण जिन्याने वर आलो. अकरा वर्षांत माझ्या प्रयोगशाळेत एवढी माणसं कधी आली नव्हती. मी ढीग दाखवला. सगळे श्वास रोखून उभे असताना लिफ्ट गेली आणि एक बाजू सरसर खाली आली. "अरेच्चा!" असं दोघं-तिघं एकदम म्हणाले. मग खाली जाऊन कपाटाआडचं टेबल बघितलं, तडा गेलेले स्फटिक बघितले. परत येऊन बसलो. जेवायची वेळ टळली तरी कुणी उठेना.

नवीने विचारलं, "माझे स्फटिक सहा आठवडे हलता कामा नयेत. तुमच्या ढिगाला एका वेळी किती वेळ शांतता लागते?"

"दोन तास," मी म्हटलं.

म्हटलं आणि थबकले. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि खोली हवी, खोली हवी या धोशात मीही तो स्वतःला विचारला नव्हता.

"मग रोज दोन ते चार लिफ्ट बंद ठेवली तर? ज्याला खरंच जिना चढवत नाही त्याच्यासाठी सुरू करायची, पण आधी यांना फोन करून."

मतं घेतली. आम्हा दोघींना वगळून सहा. चार तिला, दोन मला. त्या दोनांतलं एक लेसरवाल्या सरांचं, जोडीदाराची लाज राखायला दिलेलं. कुणी म्हणालं, मॅडमनी मोठं मन दाखवलं. काही मोठं मन नव्हतं. मी प्रयोगशाळेत जाऊन दार लावून रडले. तळमजल्याच्या त्या खिडकीपाशी ढिगाचं टेबल कुठे ठेवायचं, ते मी सकाळी घरी जाताना मनात ठरवून टाकलं होतं.

रात्री जेवताना हे सगळं सांगितल्यावर नणंद म्हणाली, "म्हणजे हरलीस."

"हरले."

"पहिल्यांदाच?"

मी विचार केला. चार नंबरच्या वेळी मी हरले नव्हते. तेव्हा मी खेळातच नव्हते.

पुढच्या सोमवारी कोर्टवर गेले. बाकावर लेसरवाल्या सरांनी "ते परीक्षेच्या तारखांचं..." म्हणून सुरुवात केली. कॅप्टन बुटाची नाडी सोडत म्हणाले, "अकराला." मग गप्पा गुडघेदुखीवर आल्या.

लिफ्ट बंद ठेवायला सुरुवात झाली त्या दिवशी तीनच्या सुमाराला जिन्यात धापा ऐकू आल्या. कॅप्टन होते. एका हाताने कठडा, दुसऱ्याने गुडघा. ते दारात उभे राहून ढिगाकडे बघत राहिले. सव्वा तास उभा असलेला, इतका उंच ढीग मीही कधी पाहिला नव्हता. विद्यार्थिनी न बोलता आकडे टिपत होती.

"पडत नाही हो," ते हळूच म्हणाले.

"नाही."

"एवढी साधी गोष्ट. मॅडम, हे लिफ्टचं आधी कधी का नाही बोललात?"

"बोलले होते, सर. दोन वर्षांपूर्वी. अकरा वाजता. आलेखासकट."

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते, ते दिसत होतं.

"मी काय म्हणालो होतो?"

"फारच छान मांडलंत, म्हणाला होतात."

ते पुन्हा ढिगाकडे बघायला लागले. धाप अजून गेली नव्हती. मी त्यांच्यासाठी स्टूल सरकवलं, पाय न वाजवता.