कपाळावरचा चष्मा

बाबांनी नाकावरचा सेफ्टी चष्मा एका बोटाने कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला, आणि मान हलवून काउंटरवर ठेवून दिला. हा सातवा.

"आता याला काय झालं?" सुनेने विचारलं. आवाज गोड ठेवायची तिची शिकस्त चालली होती.

"काही नाही. चांगला आहे. दुसरा दाखवा."

हातमोजे, हेल्मेटं आणि गमबुटांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या दुकानदारबाईने सुस्कारा न सोडता आठवं खोकं उघडलं. नवऱ्या मुलालाही कुणी इतक्या मुली दाखवल्या नसतील, असं काहीतरी तिच्या मनात आलं असावं; पण ती बोलली नाही.

सुनेला मात्र घड्याळाकडे बघवत नव्हतं. घरामागच्या खोलीतलं लाकूड कातायचं लेथ यंत्र उद्या सकाळी एका शाळेच्या टेम्पोत चढणार होतं. त्या लेथवर बाबांनी चाळीस वर्षं जिन्यांचे कठडे, पलंगांचे पाय, वाडगे कातले होते. दोन वर्षांपूर्वी एक ढलपी उडाली आणि डावा डोळा गेला. तेव्हापासून खोलीला कुलूप. लेथ देऊन टाकायचं तिच्या नवऱ्याने ठरवलं, तेव्हा बाबा लगेच 'हो' म्हणाले. इतक्या लगेच, की सुनेला ते खरं वाटेना. दुपारी घरात कुणी नाही असं वाटलं, की हा माणूस टेबलाच्या पायावरून बोटं फिरवत बसतो, हे तिने पाहिलं होतं.

दोन दिवस नवऱ्याशी हुज्जत घालून तिने एक गोष्ट कबूल करून घेतली होती. बाबांच्या पसंतीला उतरेल असा चष्मा आज मिळाला, तर लेथ राहील.

"त्यांनी जन्मात कधी सेफ्टी चष्मा घातला नाही," नवरा म्हणाला होता. "तेव्हा घातला असता तर ही वेळच आली नसती. हट्टी आहेत ते. बघ तू."

आणि आता बाबा त्याचं म्हणणं खरं करून दाखवायला बसल्यासारखे एकेक चष्मा नापास करत होते.

"काका, हा बघा," दुकानदारबाई म्हणाली. "नंबरच्या चष्म्यावरूनही बसतो. बाजूंनी बंद, वरून बंद. नंबरचा चष्मा म्हणजे संरक्षण नव्हे बरं का. पुष्कळ लोक तिथेच फसतात."

"ते मला ठाऊक आहे." बाबांनी तो घातला. भुवई आणि चष्मा यांच्यामध्ये करंगळी शिरते का पाहिलं. नाही शिरली. खाली वाकून पाहिलं, घसरला नाही. सुनेचा जीव भांड्यात पडणार, तोच बाबांनी विचारलं, "हा वर सरकतो का?"

"सरकतो की! अगदी सहज."

बाबांनी तो काढून ठेवला.

मग बाईने शेवटचा उपाय म्हणून पूर्ण चेहऱ्यावर येणारी पारदर्शक ढाल काढली. लेथवाल्यांना हीच बरी, आत चष्मा आणि वरून ही, असं म्हणत तिने ती झटक्यात वर-खाली करून दाखवली. बाबांनी ढालीला हातही लावला नाही.

"हीपण वर जाते," ते पुटपुटले.

सुनेच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. सैल, घट्ट, जड, हलका अशी कुरकुर त्यांनी एकदाही केली नव्हती. प्रत्येक वेळी एकच बघत होते.

"बाबा," तिने हलकेच विचारलं, "वर गेला तर काय होतं?"

बाबांनी काढून ठेवलेला चष्मा पुन्हा उचलला.

"त्या दिवशी चष्मा होता," ते म्हणाले. "इथे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "वाडग्याच्या काठावर शेवटचा हात फिरवत होतो. चष्म्यातून काठ नीट दिसेना. सगळं धुरकट. म्हटलं, एवढा शेवटचा हात, उघड्या डोळ्यांनी बघू. वर सरकवला."

"मग ह्यांना सांगितलंत का नाही? ते अजून समजतात, तुम्ही कधी घालतच नव्हता."

"हट्टी म्हणतो ना? म्हणू दे. हट्टी म्हटलेलं चालतं मला." बाबांनी हातातला चष्मा खाली ठेवला. "किती पोरांना शिकवलं मी. चष्मा डोळ्यांवर, चष्मा डोळ्यांवर, तोंड दुखेपर्यंत. आणि मास्तरांचा कुठे? कपाळावर. लाज वाटते गं."

सुनेने त्यांच्या दंडावर हात ठेवला. दुकानदारबाई काउंटरच्या पलीकडून थेट म्हणाली,

"काका, वर न जाणारा चष्मा जगात नाही. डोक्याला खिळे मारून बसवू का? मला एवढं सांगा, तो धुरकट का झाला होता? पुसायचात कशाने?"

"शर्टाच्या टोकाने. भुसा बसायचा, की पुसायचा."

"कोरडा?"

"मग काय ओला?"

"ओलाच! भुशाचे कण असतात, प्लॅस्टिकवर घासले की ओरखडे. तुम्ही रोज पॉलिश पेपर मारत होता त्याला. आधी नळाखाली धरायचा, मग मऊ फडक्याने टिपायचा. तरी ओरखडे दिसले, की फेकायचा आणि नवा घ्यायचा."

"पाण्याने," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं लाकडाचे बारीकसारीक स्वभाव ओळखणारा माणूस एखाद्या शिकाऊ पोरासारखा बघत राहिला. मग खुदकन हसला. दोन वर्षांत सुनेने हे हसणं ऐकलं नव्हतं.

आठवं खोकं त्यांनी स्वतः जवळ ओढलं आणि ढालीकडेही बोट दाखवलं. मग सुनेपुढे हात केला.

"फोन लाव त्याला."

तिने लावून दिला.

"हां, मीच. उद्या टेम्पो नको म्हणून सांग शाळेला. मिळाला चष्मा... ऐक, मध्ये बोलू नकोस. त्या दिवशीही होता माझ्याकडे. कपाळावर होता. चूक माझी होती... हो. हो रे. नाही, रागावलो नाही." पलीकडे तो बराच वेळ काहीतरी बोलत राहिला आणि बाबा नुसते मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "घरी ये, मग बोलू."

त्यांनी फोन परत दिला. ते दुकानदारबाईकडे वळले.

"यातलाच आणखी एक द्या. लहान मापाचा. हिच्या नाकाला बसेल असा."

"मला कशाला?" सून म्हणाली.

"माझा वर गेला की दटावायला समोर कुणीतरी हवं ना? आणि लेथसमोर उभं राहायचं तर चष्मा हवा."

"बरं. रोज येऊन उभी राहीन."

"नुसती उभी?" बाबांनी तो चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला आणि तिच्या भुवईपाशी करंगळी नेऊन फट तपासली. "पहिल्या दिवशी फक्त पटाशी धरायला शिकायचं. घाई करायची नाही."

सुनेने मान हलवून होकार दिला. चष्मा इतका घट्ट बसला होता, की भरून आलेले डोळे पुसायलाही जागा नव्हती.