सोमवारची दाढी

हाशिदाने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी क्युझो ओगितांनी त्याच्या चेहऱ्यावर वाफाळता टॉवेल टाकला.

“ओगितासान, मी आज मुद्दाम—”

उरलेलं वाक्य टॉवेलात विरघळलं. क्युझोंनी टॉवेलची दोन्ही टोकं हनुवटीखालून वर घेतली, नाकापुरती फट ठेवली आणि तळव्यांनी दाबून बसवली. जरा जास्तच दाबून.

“बोलायचं नाही,” ते म्हणाले. “वाफ निसटते.”

बेत अगदी साधा होता. आठवड्यापूर्वी मिहारुने जेवताना सांगितलं होतं, “बाबा, सोमवारी ओसाकाहून एक जण येणार आहे. तुम्हाला काही विचारायचं म्हणतो.” काय विचारायचं, हे न कळायला क्युझो दूधखुळे नव्हते. एकुलती एक लेक. हिमी बंदरामागच्या गल्लीतल्या त्यांच्या हजामतीच्या दुकानात दुसऱ्या खुर्चीमागे तीच उभी राहायची. ती ओसाकाला गेली की ती खुर्ची ओस. त्यातून हा हाशिदा दाढीच्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला! तीन पिढ्या वस्तऱ्यावर जगलेल्या घराकडे यंत्रवाल्याने सोयरीक मागावी, म्हणजे मांजराने उंदराच्या बिळाशी नातं जोडावं तशी गत.

पण दारी आलेल्या पाहुण्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं पापही त्यांना नको होतं. म्हणून त्यांनी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्याला आल्या आल्या खुर्चीत बसवलं. ओठांवर फेस असलेला माणूस बोलू शकत नाही. सकाळी दहाला अमिदा बुद्धाच्या देवळात पंथाच्या गुरूंच्या पुण्यतिथीचं कीर्तन. घंटा झाली की ‘बराय, या परत’ म्हणून सटकायचं. पाहुण्याची परतीची गाडी दुपारच्या आतच होती. प्रश्नच विचारला गेला नाही, तर उत्तर तरी कोण मागणार?

त्यांनी टॉवेल उचलला आणि भुवया वर नेल्या. हाशिदाच्या हनुवटीखाली भिजलेल्या कागदाचे चार-पाच चिटोरे चिकटले होते, मधोमध लाल ठिपके घेऊन.

“हे काय? तुमचं यंत्र चावतं वाटतं?”

“यंत्र नाही. वस्तरा,” हाशिदा खालच्या आवाजात म्हणाला. “तुमच्यापुढे यंत्राने केलेली दाढी घेऊन यायचं बरं वाटेना. सकाळी बसमधून उतरलो आणि स्टेशनच्या न्हाणीघरात...”

“शिकवलं कुणी?”

“व्हिडिओत बघितलं.”

घराकडे जाणाऱ्या दारावरच्या पडद्यामागून कुणीतरी खुदकन हसलं. पाठोपाठ बायकोचा, तोमिएचा, आवाज आला, “अहो, जपून हं. रक्त काढू नका त्याचं.”

“काढायला शिल्लक ठेवलंय कुठे त्याने,” क्युझो म्हणाले आणि पट्ट्यावर वस्तरा परजायला लागले. सप् सप् आवाजाला हाशिदाच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती. ते पाहून क्युझोंना थोडं बरं वाटलं. “यंत्र म्हणजे बकरी. शेंडे खाते, मुळं ठेवते. संध्याकाळी गालावर हात फिरवून बघा.”

“खरं आहे,” हाशिदा म्हणाला.

भांडायला जावं आणि समोरच्याने पाट मांडून बसा म्हणावं, तसं झालं. क्युझोंनी पुन्हा डिवचलं, “मग असलं काम करता कशाला?”

हाशिदा छताकडे बघत राहिला. “वडिलांचा उजवा हात लुळा पडला, अर्धांगाच्या झटक्याने. डाव्या हाताने वस्तरा धरवेना. आई दाढी करून द्यायची, तेव्हा ते डोळे घट्ट मिटून बसायचे. लाजायचे हो ते. मग एकदा मामाने यंत्र आणलं. त्या सकाळी वडिलांनी आपली आपण दाढी केली, आणि आरशासमोरून उठेचनात. आई म्हणाली, नवरदेव झालात की काय? मी तेव्हा शाळेत होतो. तेव्हाच ठरवलं.”

पट्ट्यावरचा वस्तरा थांबला. क्युझोंनी तो बाजूला ठेवला. मग वाटीत ब्रश घोळवला आणि हाशिदाच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांवर भरभरून फेस चढवला. हात मात्र आता हलका पडत होता.

पहिला हात सुलट. कानापासून जबड्यापर्यंत वस्तरा उतरला. दुसरा हात उलट, चिटोऱ्यांच्या जागा चुकवत. काम लयीत आलं की क्युझोंच्या गळ्यातून आपोआप कीर्तनातलं पद झरायचं, तसंच आजही झरलं. नावाडी उतारूला म्हणतो, लाटा मोजू नकोस, वाऱ्याला भिऊ नकोस. पैलतीर येईपर्यंत नीज सुखाने, वल्हं माझ्या हाती आहे. दरवर्षी या पदाला सारं देऊळ ‘नामू अमिदा बुत्सु’ असा बुद्धाचा जप करत डोळे पुसायचं, आणि सगळ्यांत मोठा रुमाल क्युझोंचा असायचा.

पद संपलं तेव्हा त्यांना वेगळाच सूर ऐकू आला. हाशिदा घोरत होता.

पडद्यामागे कुजबूज झाली. “विचारलं का गं त्याने?” “कुठे! बाबाच झोपलेत बहुतेक.” पडदा बोटभर सरकला. मायलेकींनी डोकावलं. क्युझोंनी वस्तऱ्याच्या हातानेच गप्प राहायची खूण केली. मिहारुने कपाळाला हात लावला.

मग त्यांनी निगुतीने उरलेली दाढी केली, झोप मोडू नये म्हणून थंडाऐवजी कोमट टॉवेलने चेहरा टिपला, आणि तेवढ्यात देवळाची घंटा झाली. घंटेमागोमाग मांपेइ दार ढकलून आत आला. बंदरावरचा जुना मासेमार, आवाज भोंग्यासारखा.

“क्युझो! चल की लेका! कानाझावाचे बुवा आलेत. गेल्या साली धाय मोकलून रडवलं होतं तुला!”

“हळू.”

“हा कोण?”

“गिऱ्हाईक.”

“सोमवारी?” मांपेइ खुर्चीवर वाकला. “अरे, जिवंत आहे ना?”

“दाढी झालीय. झोपलाय.”

“झालीय ना? मग चल. पुढची जागा धरून ठेवलीय मी.”

बेत तडीला गेला होता, नव्हे, बेतापेक्षाही सरस झालं होतं. क्युझोंनी अंगातला पांढरा डगला काढला, जाकीट चढवलं, जपमाळ खिशात टाकली. दाराशी जाऊन त्यांनी सहज मागे पाहिलं.

हाशिदाची मान मागे कलली होती. तोंड थोडं उघडं. दाढी करून गुळगुळीत झालेला गळा त्या रिकाम्या दुकानाच्या हवाली करून तो पोरगा निजला होता. रात्रभर बसमध्ये जागला असणार, वाक्य पाठ करत. आताशा खुर्चीत बसणाऱ्यांचे डोळे मोबाइलमध्ये नाहीतर घड्याळावर असत. पूर्वी, वडिलांच्या वेळी, मासेमार रात्रीची होडी लावून येत आणि पहिल्याच हाताला घोरू लागत. वडील म्हणायचे, वस्तऱ्याखाली निजला तो माणूस आपला. क्युझोंनी एक पाऊल बाहेर टाकलं. मग ते आत घेतलं.

“तू हो पुढे.”

“आणि कीर्तन?”

“पुढच्या वर्षीही आहे.”

मांपेइने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप तर नाही.”

“दार हळू ओढ जाताना.”

ते भिंतीकडेच्या बाकावर बसले, जिथे एरवी गिऱ्हाइकं बसतात. तोमिए चहा घेऊन आली. “अहो, त्याची गाडी जाईल.”

“जाऊ दे. गाड्यांना काय तोटा?”

“मी उठवते त्याला,” मिहारु म्हणाली.

“खबरदार!”

मिहारु वडिलांकडे बघत राहिली. मग तिने कोपऱ्यातली शेगडी खुर्चीजवळ सरकवली आणि आईला ओढत आत नेलं. क्युझोंनी चहा घेतला. देवळाकडून वाऱ्यावर अधूनमधून बुवांचा सूर येत होता, शब्द मात्र लागत नव्हते.

ऊन पायरीवरून आत आलं तेव्हा हाशिदा दचकून जागा झाला. गालावर हात फिरवला, पुन्हा फिरवला, मग घड्याळ पाहिलं आणि खुर्चीतून जवळजवळ पडलाच. गळ्याभोवतीचं कापड तसंच घेऊन त्याने जमिनीवर गुडघे टेकले.

“माफ करा! तुमचं कीर्तन... माझी गाडी... मी इथे येऊन चक्क—”

क्युझोंनी या वेळी टॉवेलाकडे हात नेला नाही.

“बोला,” ते म्हणाले. “आता तोंड मोकळं आहे.”

पाठ केलेलं वाक्य झोपेत कुठेतरी सांडलं होतं. हाशिदाने कपाळ जमिनीला टेकवलं. “मिहारु... मला... म्हणजे आम्हाला दोघांना... तुमची परवानगी...”

“तुमच्या घरी मोठी सुरी आहे का?”

“अं?”

“मासा चिरायची. अख्खा मासा, हातभर लांब.”

“नाही,” हाशिदा गोंधळून म्हणाला. “आमच्याकडे कापलेलाच आणतात.”

“मग एक घेऊन ठेवा. चांगल्या पोलादाची. यंत्रबिंत्र नको.”

पडद्यामागे बशी पडली. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मुलीच्या माहेरून सासरी ‘बुरी’ नावाचा अख्खा मासा पाठवायचा, ही चाल त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ओसाकाच्या माणसाला ती कुठून असणार?

मिहारु बाहेर आली. नाक लाल झालेलं. ती हाशिदाच्या बाजूला बसली आणि त्याच्या गळ्यातल्या कापडाची गाठ सोडू लागली.

“पण मी विचारलं त्याचं...” तो तिच्या कानाशी कुजबुजला, “त्याचं उत्तर? आणि कुठला मासा?”