सोनुन आपांचा गुणी पाळणा

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. नारीन नावाच्या दूरच्या, थंड डोंगराळ मुलखातल्या एका सुताराने मला भूर्जाच्या लाकडातून घडवलं. मधोमध भोक, त्यात लाकडी नळी, खाली गाडगं. बाळाच्या शू-शीची निजल्याजागी सगळी सोय! एवढी सोय पुढाऱ्यांच्या खुर्च्यांनाही नसते.

या घरच्या आजी सोनुन आपा, त्यांची सहा मुलं माझ्यात वाढली. मग त्यांचा नातू बेकतुर आला. हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, वरून जाड चादर. एकोणिसाव्या दिवशी तो अगदीच गप्प झाला.

"काय गुणी पाळणा आहे!" आपा सुनेला म्हणाल्या. "सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

मला मात्र त्याचा श्वास त्याच्या पाठीतून भराभर जाणवत होता. गाडगं सकाळपासून कोरडं होतं. उभ्या आयुष्यात एवढं कौतुक ऐकलं नव्हतं, आणि एवढं एकटंही कधी वाटलं नव्हतं.

दुपारी दवाखान्यातल्या बुरुलचाबाई आल्या.

"पट्टे सोडा, आपा."

"चाळीस दिवस बाहेरच्या माणसाने बघायचं नसतं, पोरी."

"मी बाहेरची? तुमच्या लेकाला या हातांनी जगात आणलंय! आता सोडता, का मी सोडू?"

सून जिपारनेच पट्टे सोडले. बाळाचे पाय गार होते. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बाईंनी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. सत्तर. पुन्हा मोजले. एकोणसत्तर. साठाच्या आत हवे होते.

"दूध ओढतो?"

"काल रात्रीपासून नाही," जिपार पुटपुटली. "मला वाटलं, झोपाळू आहे."

"झोपाळू नाही गं. रडायलाही ताकद उरली नाही त्याच्यात."

बाईंनी इंजेक्शन दिलं, बाळाला जिपारच्या उघड्या छातीशी गुंडाळलं आणि दूधवाल्याच्या गाडीतून तिघं मोठ्या इस्पितळात गेली.

रिकामा पाळणा झुलवणं अशुभ, म्हणून मला कुणी शिवेना. आपा रोज समोर येऊन बसायच्या. हात पुढे करायच्या, मागे घ्यायच्या. असे सतरा दिवस.

बेकतुर परत आला. पट्टे बांधताच त्याने असं भोकाड पसरलं की कुत्रं अंगण सोडून पळालं. जिपार झुलवायला धावली.

"थांब गं," आपा डोळे पुसत म्हणाल्या. "जरा रडू दे. ऐकू दे मला."

आता मी कोठारात लोकरीच्या पोत्यांमागे असतो. बेकतुर शाळेत जातो. मला ओळखत नाही. चालायचंच. पण मित्रांनो, घरातलं तान्हं बाळ दूध ओढेना, हलेना, गार किंवा तापलेलं लागलं, तर त्याला गुणी म्हणू नका. कपडे सोडा, छाती बघा आणि तडक दवाखाना गाठा. उगाच आलात म्हणून कुणी हसलंच, तर खुशाल हसू द्या.