ओच्यामेचं दुखणं

“आल्यात आता पूर्वीसारखा दम नाही. मिरचीही फुसकी. बाजारच बिघडलाय, दुसरं काय!”

न्हाणीच्या भिंतीपलीकडे न्यार्को स्वतःशीच कुरकुरत होता. भिंतीच्या या बाजूला त्याचे कपडे धुणाऱ्या त्याच्या बायकोला, पोकुवाला, त्याच्या हातात काय असणार ते ठाऊक होतं. रबरी पिचकारी. तिच्यात आलं-मिरचीचं पाणी भरायचं आणि खालून घ्यायचं. पोट बिघडो की कंबर धरो, गावात घरोघरी हाच उपाय. तिच्या स्वतःच्या हातात होता त्याच्या कपड्यावरचा रक्ताचा एक डाग, चोळूनही न जाणारा. न्यार्को ‘मूळव्याध’ म्हणाला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो काही म्हणालाच नव्हता.

आणि बोलणं हे तर त्याचं काम! गावप्रमुख नाना लोकांशी थेट बोलत नाहीत. ते आपल्या ओच्यामेच्या, म्हणजे दरबारी प्रवक्त्याच्या, न्यार्कोच्या कानात पुटपुटतात आणि तो सोनेरी मुठीची काठी टेकवून तेच चारचौघांत सजवून सांगतो. नाना म्हणाले, “हा चोर आहे,” की न्यार्को म्हणे, “याच्या हातांना शेजारच्या कोंबड्यांचा फार लळा.” चोरसुद्धा हसत कोंबडी परत करायचा. पोकुवा लग्नाआधी याच जिभेवर भाळली होती, अजून भाळलेली होती.

बाजारात नर्सबाईंनी बायकांना बसवून सांगितलं होतं, “रक्त दिसलं की सगळे मूळव्याध म्हणतात. पुष्कळदा असतेही, नाहीतर चीर असते, आव असते. पण आतड्यात गाठ असू शकते, कर्करोगही. घरबसल्या ते कळत नाही. रक्त पुन्हापुन्हा येतंय, शौचाची सवय बदललीय, माणूस वाळत चाललाय, तर तपासायला आणा. खूप रक्त गेलं, शौचाला डांबरासारखं काळं झालं, घेरी आली, तर तसंच उचलून आणा. आणि त्या तिखट पिचकाऱ्या फेकून द्या गं!”

पोकुवाने मान डोलावली, टोमॅटो घेतले, घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, “सूप गरम आहे.”

शुक्रवारी भर दरबारात न्यार्कोला घेरी आली. तो पडला, पण काठी त्याने पडू दिली नाही. नानांनी उठताना आपल्या पाठीची उशी न्यार्कोच्या स्टुलावर ठेवली, अगदी सहज. तिच्याखाली झाकला गेलेला लाल डाग बायकांत बसलेल्या एकट्या पोकुवाला दिसला. मग नानांनी त्याला आणि पोकुवाला स्वतःच्या गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला.

“काय होतंय, बाबा?” डॉक्टर सेलासीने विचारलं. वयाने ती त्यांच्या धाकट्या लेकीएवढी.

“पोरी,” न्यार्को म्हणाला, “आमच्या परसदारी ऋतू नसताना लाल फुलं गळतायत.”

डॉक्टरने पोकुवाकडे पाहिलं. “म्हणजे?”

“थकवा आलाय हो त्यांना,” पोकुवा म्हणाली आणि तिला स्वतःचीच चीड आली.

“बरं. आधी मलेरियाचं बघू.”

नाना झुकून न्यार्कोच्या कानात पुटपुटले. शेजारी उभ्या पोकुवाला शब्द न् शब्द ऐकू आला. इतके उघडे शब्द तिने नवऱ्यापाशी कधी उच्चारले नव्हते.

न्यार्कोने घसा साफ केला. “नाना म्हणतात, कोकोच्या बागेतलं एक जुनं झाड आतून पाझरतंय.”

“अरे, मी असं म्हटलं?” नाना कुजबुजले, आणि पुन्हा कानाशी लागले.

“नाना म्हणतात, बागेच्या धन्याला ते दिसलंय.”

त्याचे ओठ राखेसारखे झाले होते, कपाळावर घाम होता, तरी वाक्य कसं नेटकं, वळणदार! पोकुवाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग भीती. हा माणूस मरेल, आणि मरेपर्यंत असाच सुंदर बोलत राहील.

डॉक्टर सुई घेऊन वळली. तेवढ्यात नाना उभे राहिले. परक्या माणसासमोर त्यांचा आवाज इतक्या वर्षांत कुणी ऐकला नव्हता. तो घोगरा निघाला, बिनवापराच्या दारासारखा.

“काठी दे इकडे,” ते न्यार्कोला म्हणाले. “आज तुझा ओच्यामे मी.”

न्यार्कोने काठी घट्ट धरली. मग सोडली.

नानांनी ती फरशीवर टेकवली. “डॉक्टरबाई, याच्या शौचाच्या जागेतून रक्त जातंय. पावसाळ्याआधीपासून मी पाहतोय.”